बाळंतपणाचा निर्णय कोणाचा?

नाशिक शहरातील प्रसूतिगृहांच्या पाट्या गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत. पूर्वी पाटीवर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि भेटण्याची वेळ एवढाच मजकूर असे. आता 'वेदनारहित प्रसूतीची सोय' आणि 'गर्भसंस्कार वर्ग' अशा दोन ओळीही वाचायला मिळतात, कधीकधी एकाच पाटीवर. एक ओळ कळा जाणवू न देण्याचे आश्वासन देते, तर दुसरी कळा सहज सोसण्याची शक्ती देण्याचे. वाचणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मनात त्यामुळे जो संभ्रम निर्माण होतो, तो सातवा महिना लागल्यावर घरोघरी ऐकू येतो. औषध घेऊन बाळंत व्हायचे की औषधावाचून?

या प्रश्नावर घरात सहसा दोन पक्ष पडतात. सासूबाई, आत्याबाई, मावशी यांचा पक्ष म्हणतो की, आमच्या वेळी हे लाड नव्हते. बाईने कळा सोसल्याशिवाय आईपण येत नाही. पाठीत सुई टोचून घेण्याचे हे पाश्चात्त्य खूळ आपल्या संस्कृतीत बसत नाही. दुसरा पक्ष नव्या पिढीचा. दात काढताना भूल घेतो, मग बारा-बारा तास चालणाऱ्या वेदनेला भूल का नको, असा त्याचा सवाल असतो. दोन्ही पक्ष मोठ्या तावातावाने बोलतात. जिला बाळंत व्हायचे आहे तिचे मत मात्र दोन्हीकडून गृहीत धरले जाते. संस्कृतीचे नाव घेऊन हा वाद होत असल्यामुळे आपल्या संस्कृतीने या विषयावर नेमके काय म्हटले आहे, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

प्रसूतिवेदना ही स्त्रीला मिळालेली शिक्षा आहे, हा विचार मूळ हिंदू नाही. तो बायबलच्या उत्पत्तिग्रंथातील आहे. ईव्हने आज्ञाभंग केला म्हणून तिने आणि तिच्या लेकींनी दुःखात प्रसवावे, असा तेथे शाप आहे. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसनने १८४७ साली प्रसूतीत प्रथम ईथर आणि नंतर क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा याच वचनाचा आधार घेऊन त्याच्यावर आक्षेप घेतले गेले. हा विरोध पुढे सांगितला गेला तितका व्यापक नव्हता, हे खरे. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिम्पसनला धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहावी लागली. १८५३ च्या एप्रिलमध्ये राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले आणि इंग्लंडमधील चर्चेचा सूर पालटला. कॅथॉलिक जगतात तर वेदनारहित प्रसूतीच्या पद्धतींविषयी पोप बाराव्या पायसला १९५६ साली, म्हणजे शंभरेक वर्षांनी, जाहीर खुलासा करावा लागला.

आपल्याकडे अशा खुलाशाची वेळच आली नाही, कारण वेदनेला पापाचे प्रायश्चित्त मानणारे सूत्रच आपल्या वैद्यकात नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय या दृष्टीने अवश्य वाचावा असा आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे, जागा कशी असावी, तेथे कोणती साधने हाताशी असावीत याचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. प्रसूतीच्या वेळी भोवती कोणत्या स्त्रिया असाव्यात? ज्यांची अनेक बाळंतपणे झाली आहेत, ज्या प्रेमळ आहेत, कामात कुशल आहेत, कष्ट सोसणाऱ्या आहेत आणि ज्या स्वतः विषादापासून मुक्त आहेत अशा. धीराचे बोलणे हा येथे उपचाराचाच भाग मानलेला आहे.

याच अध्यायातील आणखी एक प्रसंग आजच्या वादाला थेट लागू पडतो. कळा सुरू झाल्यावर स्त्रीला मुसळ हाती देऊन उखळात धान्य कांडायला लावावे, असे त्या काळच्या काही आचार्यांचे मत होते. आत्रेयांनी ते साफ खोडून काढले. गर्भिणीला अतिश्रम वर्ज्यच आहेत, मग सारे शरीर क्षुब्ध झालेले असताना तिच्यावर हा भार कशासाठी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. फेऱ्या मारायला मात्र त्यांनी अनुमती दिली. रूढी म्हणून चालत आलेली गोष्ट कारण देऊन तपासायची आणि जाच तेवढा वगळायचा, ही आपली शास्त्रीय परंपरा होय. कळ नसताना जोर लावू नये, तसा लावलेला जोर व्यर्थ जातो आणि अपत्यालाही अपाय करतो, हेही तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. आजच्या कित्येक प्रसूतिकक्षांत कळ असो वा नसो 'जोर लाव, जोर लाव' असा जो गलका चाललेला असतो आणि वरून पोट दाबले जाते, त्याच्याशी हे ताडून पाहावे. पोट दाबण्याची ही रीत जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत निषिद्ध ठरवली आहे.

तेव्हा वेदनाशमन हिंदू संस्कृतीच्या विरुद्ध आहे, या म्हणण्याला आधार नाही. गंमत अशी की, 'नैसर्गिक प्रसूती' हे आज भारतीयत्वाच्या नावाने सांगितले जाणारे घोषवाक्यही बाहेरूनच आलेले आहे. इंग्लंडच्या ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली ते पुस्तकरूपाने मांडले, तर श्वसनाच्या ज्या तंत्रांना आपल्या शहरांतील वर्गांत स्थान मिळाले त्यांतील बरीचशी फ्रान्सच्या लामाझ यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत रशियातून उचलली. सुई परदेशी आणि घोषवाक्यही परदेशी! मग स्वदेशीचा निकष येथे लावायचा तरी कशाला? नाशिकजवळच्या भगूरचे सुपुत्र स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी 'दोन शब्दांत दोन संस्कृती' या निबंधात श्रुतिस्मृतिपुराणोक्त आणि अद्ययावत अशा दोन वृत्तींतला भेद दाखवला आहे. एखादी गोष्ट जुनी आहे की नवी, आपली आहे की परक्याची, यापेक्षा ती प्रत्यक्ष प्रयोगाला उतरते का, हा त्यांचा प्रश्न होता. बाळंतपणाच्या बाबतीतही तोच विचारायला हवा.

'आमच्या आज्या दहा-दहा वेळा बाळंत झाल्या' हा युक्तिवाद त्या प्रश्नापुढे टिकत नाही. ज्या आज्या वाचल्या त्यांचीच नातवंडे हे सांगायला उरली. ज्या अडल्या आणि गेल्या त्यांच्या नावाने सांगणारे कोणी नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि अवघ्या दहा दिवसांत ते मूल गेले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. १८८३ साली त्या समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. या पदवीसाठी त्यांनी निवडलेला प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. परदेशातील सर्वांत अद्ययावत विद्यालयात बसून ही मुलगी आपल्या पूर्वजांचे सूतिकाशास्त्र मांडत होती. एक घेतले म्हणून दुसरे टाकले पाहिजे, असे तिला वाटले नाही. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्या गेल्या. त्यांच्या काळात जे बाळंतपण दुसरा जन्म मानले जाई ते आज किती सुरक्षित झाले आहे, याची साक्ष आकडे देतात. २०१८ ते २०२० या काळातील नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले. देशाचे तेव्हाचे प्रमाण ९७ होते. ही घट घडवण्यात रुग्णालयातील प्रसूती, रक्तपेढ्या, जंतुनाशन आणि औषधे यांचा वाटा फार मोठा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता ज्या सुईवरून वाद आहे तिच्याकडे वळू. 'एपिड्युरल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांच्या मधल्या फटीतून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत एक केसासारखी बारीक नळी बसवतो. तिच्यातून बधिर करणारे औषध थोडे थोडे सोडले जाते. स्त्री पूर्ण शुद्धीवर असते. बोलते, पाणी पिते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. पूर्वी या औषधाची मात्रा अधिक असे, पाय जड पडत आणि चिमट्याने बाळ काढण्याची वेळ अधिक येई. मात्रा कमी झाल्यानंतरच्या प्रयोगांत हा फरक उरलेला दिसत नाही. या सुईमुळे सिझेरियन वाढते ही समजूत तर जगभरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात खोटी ठरली आहे. कायमची कंबरदुखी मागे लागते ही आपल्याकडची सर्वांत मोठी धास्ती. तिलाही त्या आढाव्यात आधार मिळाला नाही. बाळंतिणीची कंबर सुईवाचूनही दुखते, कारण नऊ महिने तिने भार वाहिलेला असतो आणि त्यानंतर रात्ररात्र बाळाला मांडीवर घेऊन ती बसलेली असते.

याचा अर्थ ही सुई अगदी निर्धोक आहे असा नव्हे. रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, ताप चढतो, अंगाला खाज सुटते, लघवी अडते. प्रसूतीची दुसरी अवस्था लांबू शकते. शंभरात एखादीला काही दिवस तीव्र डोकेदुखी होते. रक्त गोठण्याची क्रिया मंदावलेली असेल किंवा पाठीच्या त्या जागी जंतुसंसर्ग असेल तर ती देताच येत नाही. आणि मुख्य म्हणजे ती देऊन भूलतज्ज्ञाला दुसऱ्या रुग्णालयात निघून जाता येत नाही. आईचा रक्तदाब आणि बाळाच्या हृदयाचे ठोके यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. पाटीवर ओळ लिहिणे सोपे आहे, पहाटे तीन वाजता भूलतज्ज्ञ हजर असणे अवघड. सुईखेरीज नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू यांचे निम्मेनिम्मे मिश्रण मुखवट्यातून हुंगण्याचा सौम्य उपायही आहे. पेथिडीनसारखी जुनी इंजेक्शने वेदना फारशी थांबवत नाहीत, उलट बाळाला सुस्ती आणतात. एवढी माहिती प्रत्येक गर्भवतीला तिच्या भाषेत मिळाली, तर निम्मा वाद आपोआप मिटेल.

उरलेला निम्मा वाद मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष नाही. 'आम्हांला औषधावाचून प्रसूती हवी' असे अभिमानाने सांगणाऱ्या कुटुंबातील सुनेच्या हातालाही रुग्णालयात सलाईन लावलेले असते. त्यात असते ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवणारे औषध. आवश्यक असेल तेथे ते दिलेच पाहिजे. परंतु खाट लवकर रिकामी व्हावी, डॉक्टरांची वेळ सांभाळली जावी, नातेवाइकांची चुळबुळ थांबावी म्हणून ते सरसकट लावण्याची सवय अनेक ठिकाणी जडलेली आहे. या औषधाने आलेल्या कळा अधिक जोराच्या आणि लागोपाठ येतात. म्हणजे वेदना वाढवण्याचे औषध न विचारता दिले जाते आणि वेदना शमवण्याच्या औषधावर मात्र घरात परिसंवाद भरतो! अशा प्रसूतीला अनौषधी म्हणायचे का?

हेच ऑक्सिटोसिन बाळ जन्मल्याबरोबर मांडीत दिले की गर्भाशय आकुंचन पावते आणि अतिरक्तस्राव टळतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्यांच्या दृष्टीने हे इंजेक्शन म्हणजे प्राणदान होय. नैसर्गिकतेच्या आग्रहापोटी ते नाकारणे हा आत्मघात ठरेल. जनावरांवर होणारा दुरुपयोग रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली या औषधाचे उत्पादन एकाच सरकारी कंपनीपुरते मर्यादित केले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. तुटवडा पडला तर माता दगावतील, ही त्यामागील चिंता होती. एकाच कुपीत तारणही आहे आणि जाचही. फरक पडतो तो देणाऱ्याच्या विवेकाने.

दुसरी गोष्ट सिझेरियनची. देशात २००५-०६ मध्ये शंभरातील ८.५ बाळे शस्त्रक्रियेने जन्मत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ झाले. महाराष्ट्रात ते २५.४ आहे. सरकारी रुग्णालयांत १४.३ आणि खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, हा देशपातळीवरील फरक तर सारे काही सांगून जातो. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रियांचे अस्थिपंजर काही वेगळे घडवलेले नसतात. काही वैद्यकीय व्यावसायिकांची अर्थदृष्टी आणि खटल्यांचे भय ही कारणे आहेतच. परंतु कळांच्या भीतीने 'सिझरच करून टाका' म्हणणारी कुटुंबेही थोडी नाहीत. सुईची भीती दाखवून तिला रोखायचे आणि शेवटी पोट फाडायला संमती द्यायची, यात कोणते तर्कशास्त्र आहे? वेदनाशमनाची सुरक्षित सोय असती तर यांतील काही शस्त्रक्रिया तरी टळल्या असत्या.

आणि येथे आपल्याच घरातील एका प्रघाताविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. मुहूर्त पाहून सिझेरियन करवून घेण्याची हौस धार्मिक म्हणवणाऱ्या कुटुंबांतच अधिक बोकाळली आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली. त्याच दिवशी आपले बाळ जन्मावे, अशी विनंती अनेक गर्भवतींनी व कुटुंबांनी डॉक्टरांना केल्याच्या बातम्या कानपूरहून आल्या होत्या. पाचशे वर्षांच्या संघर्षानंतर आलेला तो दिवस; त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु दिवस भरण्यापूर्वी बाहेर काढलेल्या बाळाला श्वसनाचा त्रास होऊ शकतो, आईच्या गर्भाशयावरील व्रण पुढच्या प्रत्येक बाळंतपणात जोखीम बनतो, हे त्या भावनेच्या भरात विसरले जाते. जन्मवेळेवरून भविष्य पाहणारे शास्त्रही ती वेळ आपोआप आलेली असावी असेच धरून चालते. चाकूने गाठलेल्या घटिकेला ज्योतिषातही अर्थ नाही आणि वैद्यकात तर नाहीच. प्रभू श्रीरामांचा जन्म कौसल्यामातेने वेळ ठरवून घडवून आणला नव्हता.

गर्भसंस्कार वर्गांबाबतही तारतम्य हवे. कार्ल्याच्या कै. डॉ. बालाजी तांबे यांच्या ग्रंथाने आणि कार्याने हा शब्द मराठी घरांत रुळला. आहार, योग्य हालचाल, प्राणायाम, मनाची प्रसन्नता यांचा गर्भवतीला लाभ होतो, यात दुमत नाही. भीती कमी झाली की वेदनेची धारही कमी होते, हे आधुनिक वैद्यकही सांगते. आक्षेप आहे तो हमी देणाऱ्यांवर. 'आमच्या वर्गाला आलात की सहजच मोकळ्या व्हाल' असे सांगितले जाते. पुढे बाळ आडवे असल्याने किंवा ठोके मंदावल्याने शस्त्रक्रिया करावी लागली, तर ती मुलगी स्वतःलाच दोष देत बसते. आपण श्लोक कमी म्हटले की काय, आपले संस्कार उणे पडले की काय? ओल्या बाळंतिणीच्या मनावर हे ओझे टाकणे हा कसला संस्कार? तैलाभ्यंग, बस्ती यांसारख्या आयुर्वेदीय उपक्रमांचा प्रसूतीवर काय परिणाम होतो, याची कसोटी लावण्याची सोय तर नाशिकमध्येच आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून या नगरीत आहे आणि राज्यातील ॲलोपॅथी, आयुर्वेद व परिचर्या या तिन्ही शाखांची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. तिन्ही शाखांना एका छताखाली आणून प्रसूतिशास्त्राचे संशोधन उभे करणे हे या विद्यापीठाचे स्वाभाविक कार्य ठरेल. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय पुढे नेणारा याहून योग्य वारस कोणता असणार?

राहतो प्रश्न निर्णयाचा. पहिले बाळंतपण माहेरी, या आपल्या प्रथेत मोठा जिव्हाळा आहे. पण अडचणीच्या क्षणी त्यातून एक विचित्र अवस्था उद्भवते. डॉक्टर विचारतात, 'सुई द्यायची का? शस्त्रक्रिया करायची का?' वडील म्हणतात, 'तिकडच्या मंडळींना विचारून सांगतो.' जावई पुण्याहून निघालेले, वाटेत फोन लागत नाही. सासरी फोन लागतो तर तेथे मतभेद. तोवर ती मुलगी आत कळा देत असते. कायद्याने हा घोळ केव्हाच मिटवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात निर्वाळा दिला की, सज्ञान आणि स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या स्त्रीच्या शरीरावरील उपचारांना तिची स्वतःची संमती लागते; तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा तिची जागा घेऊ शकत नाही. मातृशक्तीचे पूजन करणाऱ्या समाजाने हे न्यायालयाकडून शिकावे लागणे फारसे भूषणावह नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला दोन्ही घरच्या स्त्रिया एकत्र येतात. ओटी भरून झाली की अर्धा तास याच विषयाला द्यावा. तिला काय हवे आहे ते तिच्या तोंडून ऐकावे आणि प्रसंग पडल्यास तिचाच शब्द चालेल, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगावे. वेदना सोसायची असेल तर तिने सोसावी, सुई हवी असेल तर घ्यावी. कळा सुरू झाल्यावर मन बदलले तर तेही मान्य असावे. सोसले म्हणून ती थोर नाही आणि सुई घेतली म्हणून उणी नाही.

रुग्णालय निवडतानाही काही गोष्टी आधीच विचाराव्यात. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? कळांचे सलाईन लावण्यापूर्वी कारण सांगितले जाईल का? रक्ताची सोय कोठून होते? गेल्या वर्षी येथील शंभर बाळंतपणांपैकी सिझेरियन किती? आणि आई, बहीण वा पती यांपैकी एकाला आत सोबत थांबू दिले जाईल का? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. प्रसूतीत अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियन कमी होते आणि वेदनाशामकांची गरजही कमी पडते, हे जगभरातील अनेक देशांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. चरकांनी वर्णिलेली ती धीर देणारी स्त्री तीच ही सोबत. तिला ना औषधाचा खर्च ना यंत्राचा. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली, २०१७ च्या डिसेंबरात 'लक्ष्य' योजनेत प्रसूतिकक्ष सुधारण्याचे निकष घालून दिले. प्रत्यक्षात मात्र अनेक कक्षांत दोन खाटांच्या मध्ये साधा पडदाही नसतो. मग 'दुसऱ्या बायका उघड्या असतात' हे कारण सांगून सोबत नाकारली जाते, आणि एकट्या पडलेल्या मुलीला ओरडली म्हणून दटावले जाते, लाज निघेल असे बोलले जाते, प्रसंगी चापटही बसते. या वेदनेवर कोणतीही सुई नाही.

शहरातील या सर्व चर्चेत पेठ आणि सुरगाण्याच्या मुलीचे स्थान कोठे आहे, हेही विचारले पाहिजे. सावळघाट उतरून पलीकडे गेले की औषधी की अनौषधी हा प्रश्नच संपतो. तेथे प्रश्न असतो तो पावसाळ्यात पाड्यावरून रस्त्यापर्यंत पोहोचण्याचा. ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असते, पण भूलतज्ज्ञ नसेल तर ते कुलूपबंद राहते, आणि अडलेल्या बाईला रुग्णवाहिकेत घालून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाकडे धाडावे लागते. जो भूलतज्ज्ञ गंगापूर रोडवर वेदना घालवतो तोच पेठला असेल तर जीव वाचवतो. सेवाकार्यात असलेल्या डॉक्टर मंडळींनी महिन्यातील काही दिवस वाटून घेऊन या तालुक्यांसाठी दिले, तर तो मोठाच आधार होईल. वनवासी भागातील सुईणींची ममता आणि अनुभव हेही वाया जाऊ देण्यासारखे धन नाही. प्रसूती करण्याची जबाबदारी त्यांच्यावर नको, परंतु गावच्या मुलीबरोबर रुग्णालयात येऊन तिच्या उशाशी बसण्यास त्यांच्याइतकी योग्य सोबतीण दुसरी मिळणार नाही. कल्याण आश्रमाच्या आरोग्यरक्षकांची साखळी यासाठी उपयोगी पडू शकेल. प्रशिक्षित प्रसविकांचे स्वतंत्र संवर्ग उभे करण्याचे धोरण केंद्राने २०१८ मध्येच जाहीर केले आहे. त्या प्रशिक्षणात वनवासी मुलींना अग्रक्रम मिळावा, असा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरला पाहिजे.

तोवर हाती असलेले काम आहेच. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि किरकोळ सोयींसाठी तिच्या हाती थोडा निधीही असतो. जेथे आपले कार्यकर्ते या समित्यांवर आहेत त्यांनी पुढच्याच बैठकीत प्रसूतिकक्षाचा विषय काढावा. खाटांमध्ये पडदे आणि प्रत्येक खाटेजवळ सोबतिणीला बसण्यासाठी एक स्टूल, एवढ्यापासून आरंभ करता येईल. त्यासाठी मंत्रालयातून मंजुरी येण्याची वाट पाहावी लागत नाही.